आत घेतलेलं पाणी

पाऊस लागला की कोकणातले जांभ्याचे गडगे आठवडाभरात हिरवे होतात. लांबून एकच हिरवा थर दिसतो. भिंग लावलं की त्यात दोन वेगळी कुळं ओळखू येतात. एक मॉस, ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. दुसरं, ओल्या खाचांत दगडाला चिकटलेलं, नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं पानासारखं काहीतरी. ते पान नव्हे. नेच्याचं ते दुसरं, फारसं कुणी न पाहिलेलं रूप. मोठ्या नेच्याच्या पानामागून सुटलेला बीजाणू रुजला की आधी हे उगवतं. याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नरपेशीला अंडपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. अंतर काही मिलिमीटरांचं असेल, पण तेवढ्या वाटेवर पाण्याचा थर कुठेही तुटून चालत नाही. मॉसचंही तसंच. पाऊस पडला नाही तर दोघांचाही वंश पुढे सरकत नाही.

वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हे गडगे कितीतरी मुलांना दाखवले. अभ्यासक्रमात त्यापुढे ठरलेलं वाक्य यायचं : पुढे वनस्पतींनी पाण्याची गरज सोडली आणि जमीन जिंकली. मॉस खालच्या पायरीवर, नेचे मधे, बीजधारी झाडं सर्वांत वर. ही उतरंड मला कधीच पटली नाही. वनस्पती जमिनीवर आल्या त्याला सुमारे ४७ कोटी वर्षं झाली, आणि त्या पहिल्या वनस्पती मॉसच्याच वळणाच्या असाव्यात. मे महिन्यात काळं पडून कुरकुरीत झालेलं मॉस पहिल्या सरीनंतर थोड्याच वेळात पुन्हा हिरवं होतं. एवढा काळ, एवढ्या उन्हाळ्यांतून जे टिकलं, त्याला जमिनीवर राहणं जमलं नाही असं कसं म्हणायचं? आणि बीजधारी झाडांनी पाणी सोडलं, हेही खरं नाही. त्यांनी ते आत घेतलं.

हे ज्यांनी आधी ओळखलं ते विल्हेल्म हॉफमाइस्टर लाइपझिगला वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या व्यवसायात काम करत. विद्यापीठाची पदवी नव्हती. पहाटे उठायचं, कामाची वेळ होईपर्यंत सूक्ष्मदर्शकापाशी बसायचं. १८५१ साली, डार्विनचा ग्रंथ यायच्या आठ वर्षं आधी, त्यांनी दाखवून दिलं की मॉस, नेचे आणि पाइनसारखी झाडं या साऱ्यांच्या आयुष्यात एकच सूत्र आहे. प्रत्येकात दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक बीजाणू तयार करणारी, दुसरी नर-मादी पेशी तयार करणारी. नेच्यात या दोघी स्वतंत्र राहतात. बीजधारी झाडांत दुसरी पिढी इतकी आक्रसली की ती घराबाहेर पडतच नाही. गडग्यावरचा तो बदामी हिरवा तुकडा पाइनच्या बीजांडात, मोठ्या झाडाच्या उतींनी वेढलेला, अजून आहे. परागकण म्हणजे त्याचाच नर जोडीदार, मोजक्या पेशींपुरता उरलेला. मुलांना हे चक्र आकृतीतल्या बाणांसारखं पाठ असायचं. त्यातलं आश्चर्य त्यांच्यापर्यंत पोहोचवायला मला प्रत्येक वर्गात नव्याने झटावं लागायचं, आणि त्या झटण्यातच मला या विषयाची खरी गोडी लागली.

पाणी आत गेलं याचा पुरावा जपानमधून आला. हिरासे साकुगोरो तोक्योच्या विद्यापीठात वनस्पतींची चित्रं काढायच्या कामावर होते. १८९६ साली कोइशिकावा बागेतल्या गिंको वृक्षाच्या बीजांडात त्यांना पोहणाऱ्या नरपेशी सापडल्या. चांगला उंच, ताठ, कोरड्या हवेत वाढणारा वृक्ष, आणि त्याच्या पोटात नेच्यासारखं पोहणं चाललेलं! त्याच वर्षी इकेनो सेइइचिरो यांना सायकसमध्ये तेच दिसलं. हिरासे पुढच्याच वर्षी विद्यापीठ सोडून हिकोने इथे शाळेत शिकवायला गेले.

सायकस आपल्याही ओळखीचं आहे. कॉलेजच्या आवारात, बंगल्याच्या दारात ते शोभेसाठी लावलेलं असतं. मादी झाडाच्या माथ्यावर लोकरी पानांच्या कडांना बीजांडं उघडीच बसलेली असतात. परागणाच्या वेळी प्रत्येक बीजांडाच्या टोकावरच्या छिद्रातून एक थेंब बाहेर येतो. परागकण त्यात अडकतात, आणि थेंब आटत गेला की त्याच्याबरोबर आत ओढले जातात. मग काही महिने बाहेरून काहीच कळत नाही. आत परागकण नळी काढतो, पण ती वाट कापायला नसते. आजूबाजूच्या उतीत रुजून अन्न शोषायला असते. शेवटी ती फुटते, नरपेशी द्रवात उतरतात आणि हजारो केसांसारखे तंतू हलवत अंडपेशीकडे पोहत जातात. वनस्पतींमधल्या सर्वांत मोठ्या नरपेशी याच कुळातल्या. काहींच्या तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारख्या दिसतील एवढ्या. बाहेर कितीही कोरडं असो, बीजांडाच्या आत तेवढ्यापुरता जून महिना चालू असतो.

फुलझाडांनी पोहणंही सोडलं. त्यांच्या नरपेशींना तंतू नसतात; परागनळीच त्यांना अंडपेशीच्या दाराशी नेऊन पोहोचवते. ही नळी पाहायला तेरड्यासारखं फूल नाही. गौरीच्या दिवसांत तो हवा तेवढा मिळायचा. काचपट्टीवर साखरेच्या पाण्याचा थेंब, त्यात किंचित बोरिक अ‍ॅसिड, आणि वर ताजा पराग टेकवायचा. थोड्याच वेळात कणाच्या कडेतून एक पारदर्शक नळी बाहेर येते आणि डोळ्यांदेखत लांबत जाते. तिच्यातला द्रव वाहताना दिसतो. एरवी घंटेकडे कान लावून बसणारी मुलं त्या तासाला सूक्ष्मदर्शकावरून उठत नसत.

शेतकरी हीच गोष्ट मक्यात रोज पाहतो. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो. वरच्या तुऱ्यातून झडलेला पराग केसाला चिकटला की त्याची नळी केसाच्या आतून थेट खाली जाते. परागकणाचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि वाट वीस-पंचवीस सेंटिमीटरांची. ती साधारण एका दिवसात कापली जाते. कणीस सोलल्यावर मधेच दाणे न भरलेली जागा दिसते, तिथे नळी पोहोचलेली नसते. फुलोऱ्याच्या वेळी पावसाने ताण दिला की अशी कणसं वाढतात, कारण पाण्याअभावी केस बाहेर यायला उशीर होतो आणि तोवर तुऱ्यातला पराग झडून गेलेला असतो. पाणी आत घेतलं तरी ते झाडाला आधी मुळांतून मिळावं लागतंच.

पण जमिनीवर राहायचं तर गर्भधारणा हा अर्धाच प्रश्न. पोराचं पुढे काय? याचं उत्तर सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी बियांच्या रूपाने मिळालं. सायकसचं एक बी उभं चिरलं की हातात तीन पिढ्या येतात. बाहेरचं कवच आजीचं, म्हणजे ज्या झाडावर बी लागलं त्या झाडाचं. आतला पांढरा अन्नसाठा आईचा. ही तीच आक्रसलेली, घराबाहेर न पडणारी पिढी. आणि त्यात वेढलेला भ्रूण म्हणजे नात. आजीने पांघरूण दिलं, आईने स्वतःचं अंग अन्न म्हणून दिलं, आणि नात झोपली. मी हे असंच सांगायचो. ते नाटकी वाटेल अशी मला भीती वाटली नाही, कारण यातला एकही शब्द अतिशयोक्तीचा नाही.

फुलझाडांत आईचं काम भावंडाकडे गेलं. १८९८ साली सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं की नळीतून येणाऱ्या दोन नरपेशींपैकी एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण होतो. दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि तिच्यापासून भ्रूणपोष तयार होतो. म्हणजे अन्न आता गर्भधारणा झाल्यावरच साठवलं जातं. सायकसला ते आधी साठवावं लागतं, मग पराग येवो न येवो. आणि भ्रूणपोष स्वतः कधी झाड होत नाही. भ्रूणाला पोसून तो संपतो. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या दाण्यातलं आपण खातो ते मुख्यतः हेच. शहाळ्याचं पाणी आणि मलई, दोन्ही भ्रूणपोषच. माणसाची भूक आजही मोठ्या प्रमाणात झाडाने दुसऱ्याच कुणासाठी बांधून ठेवलेल्या शिदोरीवर भागते, याची जाणीव मला भाकरीचा तुकडा मोडताना हटकून होते.

एवढं झाल्यावर बहुतेक बिया एक विलक्षण गोष्ट करतात. ज्या पाण्यासाठी इतका खटाटोप, तेच त्या आपल्यातून काढून टाकतात. वाळलेल्या बियांत पाण्याचा अंश अगदी थोडा उरतो, श्वसन जवळजवळ थांबतं, आणि वाट पाहणं सुरू होतं. सह्याद्रीतल्या कारवीइतकी ही वाट पाहण्याची ताकद मला दुसरीकडे कुठे उघड दिसली नाही. सात-आठ वर्षं नुसती वाढायची, मग एका पावसाळ्याच्या अखेरीला सारा डोंगर जांभळा करायचा आणि मरून जायचं. सुकलेल्या काड्यांवर बोंडं तशीच राहतात. हिवाळा जातो, उन्हाळा जातो, उघडत नाहीत. पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की तडतडत फुटतात आणि बी उडतं. बी पडायचं कधी, हे वाळलेल्या बोंडाला भिजवून पाऊसच ठरवतो, आणि ते नेमकं रुजायच्या वेळेला पडतं. मेलेल्या झाडाने केलेली ही सोय आहे.

किती वाट पाहता येते? विल्यम बील यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यातली सोळावी २०२१ साली काढली, तेव्हाही काही बिया रुजल्या. शेवटची २१०० साली निघायची आहे.

पण वाट पाहणं साऱ्यांनाच येत नाही, आणि ते येणं म्हणजे वरची पायरी असंही नाही. खाडीतला कांदळ पाहा. पायाशी समुद्र, तरी त्याची नरपेशी पोहत नाही. ती परागनळीतूनच जाते. ते आत घेतलेलं पाणी त्याने जपून ठेवलं आणि वाट पाहणं मात्र टाकून दिलं. त्याचं बी झाडावरच रुजतं, फळातून हिरवी लांब शेंग लोंबू लागते आणि ती तयार रोप म्हणूनच चिखलात किंवा भरतीच्या पाण्यात पडते. खाऱ्या चिखलात बियांना झोपण्यात फायदा नव्हता, म्हणून झोप गेली.

आंबा, फणस, कोकम, जांभूळ, नारळ यांच्या बियाही वाळल्या की मरतात. ही सारी ओल्या जंगलांच्या वळणाची झाडं. फळ पिकतं तेव्हा पाऊस दारात असतो किंवा सुरू झालेला असतो, मग पाणी टाकून द्यायचं कशाला? झाडाच्या दृष्टीने यात काही उणं नाही. अडचण आपली आहे. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या भांडारात २००८ पासून जगभरातल्या पिकांचं बियाणं उणे १८ अंशांवर ठेवलं जातं. तिथे ज्वारी, तांदूळ, हरभरा शेकडो वर्षं राहू शकेल. आंब्याची कोय नाही. ती वाळवताही येत नाही, गोठवताही येत नाही. हापूसचं कलम कितीही वेळा बांधता येतं, ते एकाच झाडाची पुनरावृत्ती असतं. बांधावरचा रायवळ आंबा मात्र बहुधा दोन वेगळ्या झाडांच्या मीलनातून आलेला, स्वतःच्या चवीचा, स्वतःच्या धाग्याचा एकटाच असतो. रस्ता रुंद करायला किंवा कलमांची बाग लावायला तो तोडला की त्याचा वंश कुठल्याही भांडारात मागे उरलेला नसतो. ज्या झाडाचा बिटका आपल्याला आवडतो त्याची कोय वाळू न देता त्याच पावसात जमिनीत जायला हवी, आणि ते झाड त्याच्या बांधावर उभं राहायला हवं.