गाठोडे सोडा

शास्त्रपाठ : यिर्मया २९:१-१४



बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग बहुतेकांवर कधी ना कधी येतो. कोणाचे गाव धरणाखाली जाते, कोणी मजुरीसाठी निघतो, कोणा उपदेशकाची बदली होते. नव्या दारी पेट्या, वळकट्या, पाटा-वरवंटा उतरविला जातो. चूल मांडतात, पाणी भरतात. तथापि पुष्कळ घरांत एक गाठोडे कोपऱ्यात बांधलेलेच राहते. विचारले तर उत्तर मिळते, "येथे कोठे कायमचे राहावयाचे आहे?" ही गोष्ट दिसावयास लहान आहे, परंतु ज्याचे गाठोडे सुटत नाही त्याचे मनही त्या गावी उतरत नाही.

अशाच लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले. इ. स. पू. ५९७ या वर्षी बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यखन्या राजा, सरदार, कारागीर व लोहार यांस यरुशलेमेहून धरून नेले. पुढे यरुशलेमेत हनन्या नावाचा मनुष्य सांगू लागला की दोन वर्षांच्या आत सर्व परत येतील. बाबेलातही अशी गोड आशा दाखविणारे होते. ज्यास दोन वर्षांत परतावयाचे आहे तो घर कशास बांधील व झाड कशास लावील? परंतु यिर्मयाने कळविले की सत्तर वर्षे लागतील. म्हणून त्यांनी घरे बांधावी, मळे लावावे, मुलांमुलींची लग्ने करावी, आणि ज्या नगरात ते आहेत त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. ते नगर त्यांच्या शत्रूचे होते, हे विसरू नका!

येथे कोणी म्हणेल, "आपण तर या जगात प्रवासी आहो, मग इतके स्थिरावणे कशास?" अब्राहामही तंबूत राहणारा प्रवासी होता. तरी त्याने बैर-शेबा येथे विहीर खणली व झाड लावले. आणि यिर्मयाच्या ज्या पत्रात वस्ती करण्याची आज्ञा आहे, त्याच पत्रात परत आणण्याचे वचनही आहे. देवाच्या वचनाची आशा माणसाला आळशी करीत नाही. ज्याला सत्तर वर्षांचा भरवसा आहे तोच आज रोप लावितो.

याचा अर्थ जुन्या घरासाठी रडू नये असा नाही. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान रडले, आणि त्यांचे ते रडणे शास्त्राने जपून ठेविले आहे. आपल्या देशातही ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासच्या प्रदेशात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड छपरे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो मरण पावली. नंतर पुष्कळ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावी गल्ल्या अरुंद व घराला घर लागून होते. नव्या गावी रस्ते रुंद, सरळ, आणि घरे एकमेकांपासून दूर. घर बांधून देता येते, परंतु शेजार बांधून देता येत नाही. तो राहणाऱ्यांनीच हळूहळू घडवावा लागतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जे काही बरोबर आले आहे ते सर्वच नव्या घरात मांडावयाचे नसते. राहेलीने बापाच्या घरच्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून आणिल्या होत्या. पुढे बेथेलास जावयाच्या वेळी याकोबाने घरच्यांकडून परके देव मागून घेतले आणि ते शखेमाजवळच्या झाडाखाली पुरून टाकिले. आपल्याही खोगिरात काय लपले आहे? जुन्या गावची भाऊबंदकी, कोणाशी धरलेला अबोला, आणि सर्वांत खोल दडलेला जातीचा अभिमान. ख्रिस्ताच्या नावाने एका पंक्तीस बसणारे आपण नव्या वस्तीतही 'आपली आळी' व 'त्यांची आळी' असे मोजू लागलो, तर ते गाठोडे न सोडता पुरलेलेच बरे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस विशेष विनंती. बदलीच्या गावी प्रथम मंडळीच्या घरी जाता, ते योग्यच आहे. परंतु आठ दिवसांच्या आत शेजारची पाच घरे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, पायी फिरून या. काही मागावयास अथवा शिकवावयास जाऊ नका. नावे विचारा, घरात कोणी आजारी आहे काय ते विचारा, पाणी कोठून आणितात ते विचारा. यहेज्केल संदेष्टा बंदिवासात असता त्याच्या घरी वडील मंडळी येऊन बसत असे शास्त्र सांगते. ज्याने आपले सामान लावून बसावयास जागा केली आहे त्याच्याच घरी चार माणसे येतात. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवा. आणि मायबहिणींनो, पहिल्या आठवड्यात शेजारणीकडे एक वाटी पाठवा. ती रिकामी परत येणार नाही.

आपल्या प्रभूनेही बिऱ्हाडे बदलिली. बालपणी मिसरास न्यावे लागले, तेथून नासरेथास. आणि सेवेच्या आरंभी तो नासरेथ सोडून कफर्णहूमात जाऊन राहिला. तो आमच्यामध्ये चार दिवसांचा पाहुणा म्हणून आला नाही. त्याने सुताराच्या घरी काम केले, गावच्या लग्नास गेला, शेजाऱ्यांच्या आजाऱ्यांस स्पर्श केला. तोच तुमच्या नव्या उंबऱ्यावर उभा आहे.

तर आज संध्याकाळी ते गाठोडे सोडा. अंगणात एक रोप लावा. त्याचे फळ तुम्ही खाल किंवा तुमच्यामागून येणारा दुसरा कोणी खाईल. आणि ज्या गावी प्रभूने तुम्हांस ठेविले आहे त्या गावाचे नाव घेऊन, तेथील पाटील, शिक्षक, मजूर व आजारी यांच्यासाठी आपल्या नव्या घरातली पहिली प्रार्थना करा. आमेन.