मूल कुठे अडलंय, ते आधी बघ

चि. भाचीस,


परवा फोनवर तुझा आवाज अगदी उतरलेला होता. ‘मामा, सहावी-सातवीचं इंग्रजी माझ्याकडे दिलंय आणि निम्म्या पोरांना साधा शब्द वाचता येत नाही. पाठ शिकवू तरी कसा?’ असं तू विचारलंस. तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ही अवस्था तुझ्या एकटीच्या शाळेची नाही. २०२२च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकला. आठवीतसुद्धा निम्म्याहून कमीच. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे तुझ्या सहावीतलं मूल पाच वर्षं इंग्रजीच्या तासाला बसून तुझ्यापर्यंत आलंय. त्याला ‘कच्चं’ म्हणू नकोस. त्या पाच वर्षांत त्याला सांगायचं काय राहून गेलं, ते शोध.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या वर्गात एक मुलगा पाठ घडाघडा वाचायचा. एकदा पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून मी विचारलं, ‘हा कोणता?’ त्याने पाठ पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली, ओळीवरून बोट फिरवत त्या शब्दापर्यंत आला आणि मग उत्तर दिलं. सात सक विचारल्यावर मुलं सात एके सातपासून म्हणत येतात ना, तसंच. तो वाचत नव्हता, म्हणत होता. आणि मी वर्षभर त्याच्या वहीवर ‘वाचन उत्तम’ असा शेरा मारत होतो. ती सल अजून गेलेली नाही.

त्याचं अडलं कुठे होतं? आपल्या लिपीत ‘क’ हे अक्षराचं नावही आहे आणि त्याचा आवाजही. इंग्रजीत नाव वेगळं, आवाज वेगळा. आपण ‘सी, ए, टी’ म्हणवून घेतो आणि लगेच ‘कॅट’ म्हणतो. मुलाच्या कानाला ‘सीएटी’ ऐकू येतं. त्यातून ‘कॅट’ आलं कुठून? प्रश्न शहाणा आहे, पण मूल तो विचारत नाही. ते मुकाट्याने पाठ करतं. त्यात इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४. हे कुणी उलगडून सांगितलं नाही, तर पाठांतराशिवाय त्याच्या हातात उरतं काय?

म्हणून आवाजापासून सुरुवात कर. ए, बी, सी, डी या क्रमाने जाऊ नकोस. ‘जॉली फोनिक्स’ पद्धतीत पहिली सहा अक्षरं एस, ए, टी, आय, पी, एन अशी घेतात, कारण एवढ्यांतच पिन, टिन, पॅन, टॅप, सिट, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल स्वतःच्या बळावर शब्द वाचतं. इथे आपली मराठी तुझ्या मदतीला येते. पाय मोडलेलं अक्षर आपल्या मुलांना ठाऊक असतं. फळ्यावर ‘पी’खाली ‘प्’ लिही, ‘एन’खाली ‘न्’ लिही आणि मध्ये ‘इ’चा आवाज घाल: प्, इ, न्, पिन. बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलेल्या मुलाला ही जोडणी नवी नाही. फक्त एक सांभाळ. जोडणी समजली की फळ्यावरचं मराठी पुसून टाक. पुस्तकात शब्दांच्या डोक्यावर मराठी उच्चार लिहू देऊ नकोस; डोळा तिकडेच जातो आणि इंग्रजी अक्षर न वाचताच राहतं.

दुसरी गोष्ट वयाची. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर ‘ए फॉर ॲपल’ म्हणायला लावलंस, तर ते मनातून तुझा वर्ग सोडून जाईल. पाया लहानाचा असला तरी मजकूर त्याच्या वयाचा हवा. मुलांनाच विचार, घरात आणि रानात रोज कोणते इंग्रजी शब्द कानावर पडतात. मोटर, पंप, स्टार्टर, फ्यूज, ड्रीप, पाईप, बॅट, विकेट, चार्जर, रिचार्ज... फळा भरून जाईल. हे शब्द त्यांच्या जिभेवर आधीपासून आहेत, अर्थही माहीत आहे. फक्त ते लिहिलेले कसे दिसतात, एवढंच शिकायचं उरतं.

शब्दांवरून वाक्यावर येशील तेव्हा मराठीची घडण समोर ठेवूनच ये. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, आपला ‘वर’ मागून येतो. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मध्ये. ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला एक भाऊ आहे’, ‘मला ताप आहे’ ही आपली तीन वाक्यं. इंग्रजीत तिन्हींना ‘आय हॅव’ पुरतं. हे शेजारी शेजारी लिहून दाखवलंस की व्याकरणाची व्याख्या न सांगताही मूल मान डोलावतं.

आणि बोलताना चुकलं तर तिथेच तोडू नकोस. एखादी मुलगी ‘आय गो मार्केट यस्टरडे’ म्हणाली, तर ‘ओ, यू वेंट टु द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?’ असं विचार. बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि बोलणंही चालू राहतं. चुकीवर हसणारा वर्ग मुलाला कायमचं गप्प करतो. हसू द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घाल.

‘आणि पोर्शन?’ असं तू विचारशील. केंद्रप्रमुख किती पाठ झाले ते विचारणारच. पाठ घे, पण रोजच्या तासातली पहिली पंधरा मिनिटं आवाज आणि वाचन यांना दे, आणि तिथे तडजोड करू नकोस. विचारणारे आले की मुलांच्या वाचनाची नोंद त्यांच्यासमोर ठेव. न वाचता पुढे ढकललेला पाठ पुढच्या वर्गात मुलाच्या डोक्यावर ओझं होऊन बसतो. मी अशी मुलं वर्षानुवर्षं पुढे पाठवली, म्हणून कळवळून सांगतोय.

सोमवारपासून एक कर. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलाव, दोन-दोन मिनिटं दे. कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं, या क्रमाने वाचून घे. पुस्तकातलं नको, तू स्वतः कागदावर लिहिलेलं. म्हणजे पाठ असलेलं कामाला येणार नाही. जे मूल जिथे थांबेल तिथे एका वहीत त्याच्या नावापुढे खूण कर आणि शिकवायला त्याच खुणेपासून सुरुवात कर. शेरा कोणताही लिहू नकोस, फक्त तारीख लिही. दर महिन्याला पुन्हा बोलाव.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा फराळाआधी ती वही मला दाखव. कोणती खूण कुठून कुठे सरकली, ते आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा