चूक झाली, नोकरी गेली, आणि पुढे?

आपल्या धर्मग्रामात एकही नर्स नाही असे घर शोधायला निघालो तर बराच वेळ लागेल. आई नर्स, मुलगी जीएनएमला, सून एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला, मावशी वायसीएममधून निवृत्त. नगर, राहाता, श्रीरामपूरकडची आपली माणसे या पट्ट्यात कंपन्यांच्या मागे आली. पुरुष पिंपरी-आकुर्डीत आणि पुढे चाकणला लागले, बाया वॉर्डात लागल्या. या दोन कामांवर आपल्या कितीतरी घरांचे हप्ते आणि मुलांच्या फिया निघाल्या.

म्हणून आज थोड्या अवघड विषयावर लिहीत आहोत. नर्सच्या हातून औषधात चूक होते, रुग्णाला इजा होते, क्वचित तो दगावतो, आणि तिची नोकरी जाते. असे कुणाच्या बाबतीत घडले की आपण दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर कुजबुजतो, नाहीतर "जाऊ दे गं, देवाची इच्छा" म्हणून विषय बंद करतो. आमच्या मते दोन्ही चूक आहे. तिने नेमके काय केले आहे, देवापुढे आणि माणसांपुढे, हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नसतो. त्याचा विचार तिने एकटीनेच का करावा?

अशा घटना आपल्यापासून फार लांबच्या नाहीत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे पोलिओच्या डोसाऐवजी १२ लहान मुलांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. मुले वाचली, संबंधितांवर निलंबनाची कारवाई झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात कळव्याला ठाणे महापालिकेच्या आरोग्य केंद्रात कोरोनाची लस घ्यायला आलेला एक गृहस्थ चुकीच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला कुत्रा चावल्यावर देतात ती लस टोचली गेली. केसपेपर पाहिला गेला नव्हता. नर्स निलंबित झाली. सरकारी नोकरीत निदान निलंबन असते, चौकशी असते, निर्वाह भत्ता असतो. आपल्या मुली ज्या खाजगी रुग्णालयांत काम करतात तिथे बहुतेकदा एवढेच ऐकायला मिळते: "उद्यापासून येऊ नका." लेखी कागद नाही, अनुभवाचा दाखलाही नाही.

ही चूक किती सहज होते ते नर्स नसलेल्या वाचकांसाठी सांगायला हवे. इन्शुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदीच्या मिळतात. एकीत मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. आता १०० ची बाटली हातात आहे आणि ट्रेमध्ये ४० ची सिरिंज उरली आहे. वीसच्या रेघेपर्यंत इन्शुलिन भरले की सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर येते, म्हणजे २० नव्हे, ५० युनिट. अडीचपट. पहाटेचे तीन, एका नर्सकडे पूर्ण वॉर्ड, समोर नातेवाईक ओरडतो आहे. लाल आणि नारिंगी यांत किती अंतर उरते ते आपणच ठरवा.

आता पुढचा भाग पाहा. समजा, पहिल्या रुग्णाने रात्री पोटभर जेवण घेतले होते. त्याला घाम फुटला, शेजारच्या खाटेवरच्याने हाक मारली, ग्लुकोज लावले, तो सावरला. इन्चार्ज सिस्टरने दोन शब्द सुनावले, विषय संपला. दुसरा रुग्ण उपाशी झोपला होता आणि सकाळपर्यंत कुणाचे लक्ष गेले नाही. चूक तीच, थकवा तोच, मन तेच. पण पहिली नर्स पुढच्या महिन्यात पगार घेते आणि दुसरी पोलीस चौकीत बसते. आपण दुसरीला दोषी म्हणतो आणि पहिलीला ओळखतही नाही. खरे तर पहिलीसारख्या आपल्यात पुष्कळ असतील, आणि दुसरीबद्दल सर्वांत कडक त्याच बोलतात, असेही दिसते.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे फार बारकाईने विचार करते. गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात: गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनापासून दिलेली संमती. १९९२ च्या कॅटेकिझमने तर अनवधान हा शब्दच घेतला आहे. अज्ञान, अनवधान, भीती, दडपण यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी पूर्ण नाहीशीही होते. पण त्याला लागूनच दुसरी गोष्ट येते. जे माहीत असायला हवे होते किंवा करायला हवे होते ते हयगयीने न केल्यामुळे जे घडते, त्यात आपल्या इच्छेचा वाटा अप्रत्यक्षपणे असतो. वाहतुकीचे नियम न शिकता गाडी चालवणाऱ्याच्या हातून अपघात झाला, हे तिथले उदाहरण. म्हणजे "मी मुद्दाम केले नाही" हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. केसपेपर मी का पाहिला नाही? त्या रात्री पाहणे शक्यच नव्हते म्हणून, की रोजच न पाहण्याची सवय लागली होती म्हणून? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे तिच्याशिवाय कुणाला देता येणार नाहीत. सवय लागली होती असे उत्तर आले तर प्रायश्चित्त संस्कार आहे. त्या सवयीबद्दल पापनिवेदन करावे. रुग्णाच्या मृत्यूचा संपूर्ण भार मात्र पाप म्हणून डोक्यावर घेऊ नये, कारण तो मृत्यू तिने इच्छिला नव्हता.

आम्हाला या बाबतीत जुन्या करारातला एक उतारा फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो मिस्सेत क्वचितच कानावर पडतो. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात दोन शेजारी रानात लाकडे तोडायला जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याला लागून तो मरतो. वैर नव्हते, हेतू नव्हता. पण मेलेल्याच्या घरचा माणूस संतापून मागे लागणार हे देवाला ठाऊक आहे. म्हणून सहा नगरे राखून ठेवण्याची आज्ञा होते, यार्देनेच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. मराठी बायबलात त्यांना शरणपुरे म्हटले आहे. (नाशिकच्या शरणपूरचे नाव आपल्या ओळखीचे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ती वस्ती.) पळून आलेल्याने नगराच्या वेशीत उभे राहून वडीलधाऱ्यांना आपली हकिकत सांगायची, आणि त्यांनी त्याला आत घेऊन राहायला जागा द्यायची.

या कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत हे ध्यानात घ्यावे. तो माणूस खुनी नाही, हे मंडळी तपासून ठरवते. तरी काही घडलेच नाही असेही कायदा म्हणत नाही. त्याला घर सोडावे लागते, महायाजकाचा मृत्यू होईपर्यंत परत जाता येत नाही. त्याच्या शेताचे, गुराढोरांचे काय झाले असेल? नोकरी जाणे हे काहीसे तसेच आहे. ज्याचा हेतू वाईट नव्हता त्यालाही किंमत मोजावी लागते, आणि ती नेहमी न्याय्य असतेच असे नाही. परंतु शरणपुराशिवाय नुसता वनवास देवाने सांगितलेला नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले होते. त्याचा काहीही दोष नसताना मूल गाडीखाली येते. पाहणारे हळहळतात, चालकही हळहळतो, पण त्याची हळहळ निराळी असते, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होते. नाशिक रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या आपल्या भावांना हे समजावून सांगावे लागणार नाही. "तुझा काही दोष नाही, विसरून जा" असे अशा माणसाला म्हणणे म्हणजे त्याचे दुःखच नाकारणे आहे. आणि जो खरोखर विसरून गेला, त्याच्याविषयी आपल्याला जरा काळजीच वाटेल.

आता थोडे चाकणकडे वळू. आपल्यातले जे लाइनवर काम करतात त्यांना पोका-योके हा जपानी शब्द पाठ आहे. भाग उलटा बसूच नये असे फिक्स्चर करायचे. या शब्दाचा इतिहास मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. शिगेओ शिंगो या अभियंत्याने आधी त्याला बाका-योके म्हटले होते, म्हणजे मूर्खांपासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात हा शब्द ऐकून एक कामगार बाई रडू लागली: मी इतकी मूर्ख आहे का? तेव्हा शिंगोने शब्द बदलला. पोका म्हणजे कुणाच्याही हातून नकळत होणारी चूक. एका बाईच्या रडण्याने जगभरच्या कारखान्यांची भाषा बदलली. चुकीचा भाग बसला तर चांगल्या कंपनीत आधी विचारतात, फिक्स्चरने तो बसू कसा दिला? रुग्णालयात आधी विचारतात, ड्युटीवर कोण होती? गाडीच्या दरवाजासाठी जी समज आपण दाखवतो ती माणसाच्या शिरेत जाणाऱ्या औषधासाठी का दाखवू नये? सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी ठेवणे, एका नर्सवर तिघींचे काम टाकणे, हेही कुणाचे तरी निर्णय असतात. त्यांची नोकरी जात नाही.

शिवाय सत्य सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली तर बाकीचे गप्प बसायला शिकतात. अमेरिकेत नॅशव्हिल येथे डिसेंबर २०१७ मध्ये रॅडोंडा व्हॉट या नर्सने गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले आणि रुग्ण स्त्री दगावली. नर्सने चूक स्वतः कबूल केली. तिची नोकरी गेली, परवाना गेला, २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवून तीन वर्षांचे परिविक्षण दिले. तिथल्या परिचारिकांनी तेव्हा उघडपणे विचारले, यापुढे चूक कोण सांगेल? आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. ही सवलत डॉक्टरांपुरती आहे, नर्सचा तिच्यात उल्लेख नाही. या फरकाबद्दल आपल्या सभांतून कधीतरी बोलायला हवे.

जिची नोकरी गेली तिच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. घडले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा, आठवण ताजी आहे तोवर. लेखी आदेश मागा. न वाचता, दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. रुग्णालयाने नोकरी काढली म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी गेली असे होत नाही, ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. नवीन जागी विचारले तर खोटे सांगू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. न विचारता पहिल्याच मुलाखतीत सगळे उघड करण्याचे बंधन मात्र आम्हाला दिसत नाही. परंतु कामाला लागल्यावर इन्चार्जला म्हणावे, "हे औषध देताना मला दुसऱ्या कुणाची नजर हवी." असे म्हणणारी नर्स आम्हाला आमच्या खाटेजवळ चालेल. काहींना मात्र सिरिंज हातात धरवतच नाही. त्यांनी जबरदस्ती करू नये. घरी राहून स्वयंपाकघर सांभाळणारी, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागलेली नर्स देवाच्या हिशेबी कमी झालेली नसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात हेच मांडले होते की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही.

आणि रात्री फार जड जात असतील, जगणे नको वाटत असेल, तर ते कुणाला तरी सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येते. पेत्र आणि यहूदा दोघेही त्या रात्री रडले असतील. पेत्र इतर शिष्यांत राहिला, यहूदा एकटा निघून गेला. आपल्या बहिणीची चूक त्या दोघांच्या कृत्यासारखी मुळीच नाही, पण एकटे पडणे तेवढेच घातक आहे.

घरच्यांनी पगाराचा विषय जेवताना काढू नये. शेजाऱ्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर "नक्की काय झालं होतं गं?" असे विचारू नये. तिला ते वेशीत उभे राहून सांगायचे असेल तेव्हा ती सांगेल, आपण आत जागा करून ठेवावी. म्हणजे काय, तर महिन्याचा किराणा, मुलाची फी, ओळखीच्या डॉक्टरांकडे एक फोन, आणि मिस्सेला तिच्या शेजारचे बाक रिकामे राहू न देणे.

राहिली गोष्ट त्या रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची. त्यांचे दुःख तिच्यापेक्षा मोठे आहे आणि ते तिला भेटायला तयार नसतील. त्यांच्या दारात जाऊन क्षमा मागण्याची घाई करू नये. त्यात कधी कधी त्यांच्यापेक्षा स्वतःलाच हलके करण्याची इच्छा असते. पण त्या मृतासाठी मिस्सा मागता येते. तो ख्रिस्ती नसला तरी चालते, ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे फादर कोणाही जिवंत वा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करू शकतात. ऑफिसात जाऊन नाव लिहायचे. कारण कुणी विचारत नाही.