आपले कोण, परके कोण?

आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न समाजाला जसा पडतो तसा शरीरालाही सोडवावा लागतो. शरीराला स्वतःवरच विषप्रयोग करण्याचे भय असते, असे पॉल एर्लिख यांनी १९०१ मध्ये म्हटले होते. पण हे भय नेहमी पुरत नाही. टाइप-१ मधुमेहात रक्षक पेशी स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींनाच मारतात.

मग आपलेपणाची ओळख जन्मजात असते का? रे ओवेन यांना १९४५ मध्ये आढळले की, गर्भात ज्यांचे रक्त एकमेकांत मिसळले अशा जुळ्या वासरांच्या अंगात परस्परांच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदतात. १९५३ मध्ये पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वाणाची कातडी स्वीकारली. सोबत लवकर घडली, तर परकेही आपले होतात.

छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी-पेशींची परीक्षा होते. स्वकीयांवर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. काही निसटतात, निरोगी माणसातही त्या असतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. या संशोधनासाठी त्यांना मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल मिळाले. या नियामक पेशींचा आधार असलेले फॉक्सपी३ हे जनुक बिघडले, तर तान्ह्या बाळाची आतडी, त्वचा आणि ग्रंथीही हल्ल्यात सापडतात. म्हणजे सहिष्णुता हा दुबळेपणा नव्हे. ती अखंड करावी लागणारी राखण आहे.

इथपर्यंत ही उपमा गोड वाटते, पण तिच्यात धोकाही आहे. देशाला शरीर मानले की कुणाला तरी रोगजंतू ठरवणे सोपे जाते. नाझींनी ज्यूंना तसेच ठरवले होते. खरे तर शरीरही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही: आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू सुखाने नांदतात आणि अन्न पचवायला मदत करतात.

आणखी एक फरक आहे. पेशीला नियत नसते. म्हणून या आजाराला गुनाहाची सजा म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे. चुकलेल्या पेशीला थांबून विचार करता येत नाही, माणसाला येतो. शेजाऱ्यावर हात उगारून ‘मी तर आपल्यांचे रक्षण करत होतो’ म्हणणाऱ्याला पेशीची सबब पुढे करता येणार नाही. समोरचा खरोखर परका आहे का, हे आधी विचारणे त्याच्या हातात होते.