बाल शमुवेल व वृद्ध एली

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ३



शिलो येथील मंदिरांत एक मूल व एक वृद्ध असे दोघे राहत होते. एलीची दृष्टि मंद झाली होती; त्याला मोठे पुत्र होते, परंतु त्यांच्यापासून त्याला सुख नव्हतें. शमुवेल लहान होता. त्याची आई दूर रामा येथें राहत असे व वर्षांतून एकदां त्याच्यासाठीं शिवलेला झगा घेऊन येत असे. रात्रीं हांक ऐकूं आली तेव्हां शमुवेल धांवत एलीपाशीं गेला. एकदां नव्हे, तीन वेळां गेला. म्हातारा झोपेंत बरळत असेल असें म्हणून तो अंथरुणांत पडून राहिला नाहीं. एलीही झोपमोड झाली म्हणून त्याच्यावर खेंकसला नाहीं. तिसऱ्या वेळीं त्यानें ओळखलें कीं ही हांक परमेश्वराची आहे, आणि तिला कसें उत्तर द्यावें तें त्यानें मुलाला शिकविलें.

ह्या वृत्तांतावर उपदेश होतात ते बहुधा हांकेविषयीं होतात. आज आम्ही त्या दोघांच्या नात्याकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. शमुवेलानें हांक ऐकिली, पण त्याला ती ओळखतां आली नाहीं. एलीला ती ओळखतां आली, पण त्याला ऐकूं आली नाहीं. एकाजवळ जें नव्हतें तें दुसऱ्याजवळ होतें, आणि देवानें दोघांना एका छपराखालीं ठेविलें होतें.

हल्लीं मनुष्यें वयाप्रमाणें वेगळालीं राहूं लागलीं आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ज्यांना स्वतःचें उठणेंबसणें व न्हाणेंधुणें जमत नाहीं अशा पुष्कळ वृद्धांची सोय शुश्रूषागृहांत केली जाते. तेथें अन्न व औषध वेळेवर मिळतें. परंतु एकटेपणावर वैद्यापाशीं मात्रा नाहीं. म्हणून तेथील कित्येक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना ह्या वृद्धांकडे घेऊन जाऊं लागले. मुलांनीं सेवा करावी, आणि त्या सेवेंतूनच धडा शिकावा, अशी ही पद्धति आहे. मेरिलँड संस्थानानें १९९२ सालीं असा नियम केला कीं, माध्यमिक शाळेचें प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें ७५ तास अशी सेवा केलेली असावी. ओक्लाहोमा संस्थानांतील जेंक्स ह्या गांवीं तर ग्रेस लिव्हिंग सेंटर नांवाच्या शुश्रूषागृहांतच सरकारी शाळेचा बालवर्ग भरूं लागला. मुलें वृद्धांच्या शेजारीं बसून वाचावयास शिकलीं. ज्यांना आपला आतां कोणास उपयोग नाहीं असें वाटत होतें, ते म्हातारे पुनः गुरुजी झाले.

ह्या पद्धतीचीं तीन अंगें सांगतात: तयारी, सेवा आणि मनन. आमच्या मतें हीं तिन्ही अंगें मंडळीनें नीट समजून घेण्यासारखीं आहेत.

पहिलें अंग तयारी. मुलाला वृद्धाकडे नुसतें ढकलूं नये. त्याला अगोदर सांगावें कीं, आजोबांच्या समोर बसून, त्यांना तोंड दिसेल असें, सावकाश बोल. त्यांनीं तेंच तेंच पुनः सांगितलें तर हंसूं नको. ते तुझें नांव विसरले तर रागावूं नको, पुनः सांग. तुला सर्दीपडसें असेल त्या दिवशीं जाऊं नको. लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत पिकल्या केंसांपुढें उठून उभें राहण्याची आज्ञा आहे, आणि त्याच वचनांत देवाचें भय बाळगण्याची आज्ञा आहे. ह्यावरून वृद्धांचा आदर हा केवळ रीतीचा भाग नसून भक्तीचा भाग आहे, हें मुलाला आधीं समजावें.

दुसरें अंग सेवा. येथें मोठा धोका आहे. नाताळांत किंवा एखाद्या विशेष दिवशीं मुलें रांगेनें वृद्धाश्रमांत जातात, एक गीत गातात, केळीं वांटतात, फोटो निघतो व सर्व परततात. पुढील वर्षीं दुसरीं मुलें येतात. ह्यांत वृद्ध हा पाहण्याची वस्तु होतो आणि मुलाला दातेपणाचा गर्व शिकावयास मिळतो. ७५ तासांच्या नियमांतही हा धोका आहेच. जो तास मोजीत बसतो त्याचें लक्ष घड्याळाकडे असतें, माणसाकडे नसतें. मैत्रीला हिशेबाची वही नसते. तेंच मूल त्याच वृद्धाकडे पुनः पुनः जाईल, तेव्हांच ती मैत्री होईल. शमुवेल तीन वेळां गेला हें विसरूं नये.

आणखी एक गोष्ट. लहान मूल हें परिचारक नव्हे. आजाऱ्याला उचलणें, औषध देणें, रात्रीं जागणें हीं कामें मोठ्यांचीं आहेत. तीं मुलाच्या माथीं मारून त्यास सेवा म्हणणें हा मुलावर अन्याय आहे.

तिसरें अंग मनन. परत आल्यावर शिक्षकानें विचारावें: आज तूं काय दिलेंस, आणि तुला काय मिळालें? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मैत्री अजून झालेली नाहीं असें समजावें. मननाची वेळ दुःखांतही येते. वृद्ध मित्र एके दिवशीं देवाघरीं जातो. तेव्हां "आजी गांवाला गेली" असें सांगून मुलाला फसवूं नये. त्याला रडूं द्यावें, पुरण्याच्या वेळीं यावयाचें असेल तर येऊं द्यावें, आणि पुनरुत्थानाची आशा त्याच्या भाषेंत सांगावी. शमुवेलालाही सकाळीं एलीला कठीण वर्तमान सांगावें लागलें. तो भ्याला, पण एलीनेंच त्याला सत्य बोलण्यास धीर दिला.

कोणी म्हणेल, आमच्या गांवीं वृद्धाश्रम नाहीं, मग हा उपदेश कोणाला? बंधूंनो, दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतील किती तरी वस्त्यांकडे पाहा. तरणींताठीं माणसें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेलेलीं असतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहींत. मागें राहतात म्हातारीं व शाळेंत जाणारीं मुलें. म्हातारी चुलीपाशीं गप्प बसते, मूल मोबाईलमध्यें डोकें घालून ओसरीवर बसतें. दोघें एका घरांत आहेत, पण दोघेंही एकटीं आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या पोषणासाठीं सरकारनें २००७ सालीं कायदा केला, तें योग्यच झालें. कायदा पोटगी देववूं शकतो. म्हातारीशीं घटकाभर बोला, अशी आज्ञा कोणतेंही न्यायासन देऊं शकत नाहीं. तें काम मंडळीचें आहे.

म्हणून धर्मशिक्षक बंधूंनो, आमची आपणांस विनंती आहे. आपल्या शब्बाथशाळेंतील दोन दोन मुलांचीं नांवें एका एका वृद्धाशीं जोडा, आणि तीं वर्षभर बदलूं नका. ज्यांचे डोळे गेले आहेत त्यांना मुलांनीं आठवड्यांतून एकदां शास्त्र वाचून दाखवावें. उपासनेला येतांना त्यांचा हात धरून आणावें. आणि वृद्धांनीं? त्यांनीं केवळ घेत बसूं नये. ह्या गांवीं शुभवर्तमान कसें आलें, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, तेव्हां काय सोसावें लागलें, तें त्यांनीं मुलांना सांगावें व मुलांनीं वहींत लिहून घ्यावें. हें सांगणारे दरवर्षीं कमी होत आहेत, आणि तें कोठेंही छापलेलें नाहीं. ७१ व्या स्तोत्राचा कर्ता म्हातारपणीं देवाजवळ हेंच मागतो कीं, पुढच्या पिढीला तुझें सामर्थ्य सांगेपर्यंत मला टाकूं नको. ऐकावयास पिढीच बसली नाहीं, तर त्याची ती प्रार्थना कशी पुरी व्हावी?

आणि हें केवळ आपल्याच लोकांपुरतें ठेवूं नका. शेजारच्या आळींतील एकटी म्हातारी आपल्या मंडळीची नसली तरी तिच्याही उंबऱ्याशीं मुलांना जाऊं द्या. तेथें गळ टाकावयास जाऊं नये. तहानलेल्यास पाणी द्यावयास जावें.

आमच्या प्रभूनें वधस्तंभावर प्राण जात असतांही आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केलें, आणि त्या घटकेपासून तिला घर मिळालें. ज्यानें स्वतःच्या वेदनेंतही वृद्ध होत चाललेल्या आईची सोय पाहिली, तो आमच्या गांवांतील प्रत्येक एकटा उंबरा पाहत आहे. येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर आपल्या मुलाचा हात धरा, आणि अशा एका उंबऱ्याशीं त्याला घेऊन जा. प्रभु आपल्या मंडळ्यांतील मुलांना ऐकणारे कान व वृद्धांना बोलण्याचा हुरूप देवो. आमेन.