डाग आणि मळ

गणवेशाचा हेतूच मुळी माणसामाणसांतील भेद पुसून टाकण्याचा असतो. रांगेत उभ्या असलेल्या शंभर जणांपैकी कोणाचे कोपर झिजले आहे, कोणाच्या गळपट्टीवर घामाची रेघ उमटली आहे, हे दिसू नये म्हणूनच सैन्यात पितळी बटणे रोज घासावयाची आणि कपडे खळ घालून कडक ठेवावयाचे. सेवेत असेपर्यंत स्वच्छता हा शिस्तीचा भाग असतो. तिच्याविषयी विचार करण्याची कोणाला गरज भासत नाही. तोच गणवेश संग्रहालयाच्या कपाटात आला, की त्याला पाणी लावावे किंवा नाही, हा प्रश्न मात्र नैतिक होऊन बसतो.

बेंगळुरूला हा प्रश्न परका नाही. १८०९ मध्ये वसलेल्या छावणीने या शहराचा अर्धा चेहरा घडविला. आपली परंपरा १७८० पासून सांगणाऱ्या मद्रास सॅपर्सचे केंद्र आणि संग्रहालय येथे अलसूरच्या परिसरात आहे. पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्रही १९९२ मध्ये आग्र्याहून येथेच आले. सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या शहराची हवा माणसांना मानवते. जुन्या लोकरीला ती तितकीशी मानवत नाही. पावसाळ्याच्या दमट महिन्यांत कापडाला बुरशी धरते आणि लोकरीला कसर लागते.

कापडाचे शत्रू कोण, याविषयी संरक्षणशास्त्रात फारसा मतभेद नाही. धुळीचे कण धारदार असतात. कापड घडीवर दुमडले गेले, की ते धागा कापतात. घामातील क्षार आणि आम्ल कापडाला आतून पोखरतात. म्हणून मध्ये बारीक जाळी धरून अगदी मंद ओढीच्या यंत्राने धूळ काढून घ्यावयाची, आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या घालून बाह्या व खांदे भरावयाचे, प्रकाश पन्नास लक्सच्या वर जाऊ द्यावयाचा नाही. कीड असेल तर गणवेश नीट बांधून उणे वीस अंशांच्या थंडीत काही दिवस ठेवावयाचा. डांबरगोळ्यांपेक्षा हा उपाय वस्त्राला आणि ते हाताळणाऱ्यालाही बरा. शिपायाच्या बटणांची चकाकी तर संग्रहालयात वैरीणच ठरते. चकाकीच्या लेपाचा पांढरट-हिरवा थर बटणाभोवतीच्या कापडात मुरून बसतो, आणि कलाबतू घासली तर काळेपणाबरोबर सोन्याचा मुलामाही निघून जातो. धुणे त्याहून धोक्याचे. अस्तर आणि वरचे कापड सारखे आटत नाहीत, लाल पट्टीचा रंग शेजारी उतरतो. आणि पाण्याबरोबर जे गेले ते परत आणता येत नाही.

या शेवटच्या गोष्टीपाशी शास्त्राचे काम थांबते. काय जाऊ द्यावे, हे शास्त्र सांगत नाही. मराठीत ‘मळ’ आणि ‘डाग’ असे दोन शब्द आहेत, आणि ते येथे उपयोगी पडतात. मळ कोणाचाही असतो, साचतो. डाग एका घटकेला, एका कारणाने पडतो. ग्रिनिच येथे नेल्सनचा कोट आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गरच्या लढाईत गोळी जेथून शिरली ते भोक त्याच्या डाव्या खांद्यावर दिसते. कोटावरील रक्त मात्र नेल्सनचे नसून त्याच डेकवर त्याच्या आधी मारला गेलेला त्याचा चिटणीस जॉन स्कॉट याचे असावे, असे मानले जाते. आदरापोटी कोणी तो कोट धुतला असता तर सेनापतीची स्मृती उरली असती. चिटणीस नाहीसा झाला असता.

तरीही धुणाऱ्याची बाजू हलक्याने घेण्याजोगी नाही. दुसऱ्या पॅरा पलटणीचे मूळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत आहे. ही पलटण ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलजवळ, पुंगलीच्या पुलापाशी उतरली. त्या उडीतील एखादा गणवेश गुडघ्यावरच्या चिखलासह संग्रहात आला, अशी कल्पना करावी. अभ्यासकाला तो चिखल हवा असेल. पण ज्याने आयुष्यभर मळक्या गळपट्टीची लाज बाळगली, त्याला घामाने कळकटलेल्या कपड्यात काचेआड उभे करण्याचा अधिकार कोणाला? आपल्याकडे मृताचे कपडे देऊन टाकतात किंवा त्याच्याबरोबर जाळतात. रक्ताचे वस्त्र घरात ठेवण्यास मन धजत नाही. या संकोचाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, न्याय्य नाही.

परंतु त्या शिपायाची लाज दुसऱ्याच्या नजरेशी निगडित होती, कापडाशी नव्हे. म्हणून तिचे उत्तर पाण्यात शोधण्याचे कारण नाही. गणवेश जपणे आणि तो मांडणे ही दोन कामे वेगळी आहेत. धूळ काढून, छायाचित्रे व नोंदी करून, चिखल आहे तसा ठेवून तो अंधाऱ्या खणात आडवा ठेवता येतो. सगळेच लोकांना दाखविले पाहिजे, हा संग्रहालयांचा हव्यास आहे; जतनाच्या कर्तव्यात तो बसत नाही.

ज्याच्याविषयी हा वाद घालावयाचा, त्याचा गणवेश बहुधा हाती लागतच नाही, ही यातील खरी अडचण. अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवून घेई. तो पेटीत राहिला, वारसांकडे गेला, संग्रहालयात आला. शिपायाचे कपडे सरकारी. ते अंगावर विरले, चिंध्या होऊन पुसण्यास गेले किंवा परत जमा झाले. त्यामुळे काचेआड जरतारी मेजवानीचे पोशाख पुष्कळ आणि कवायतीची खाकी थोडी. त्यातूनही एखादा साधा सदरा उरलाच, तर त्याच्या गळपट्टीच्या आत कधी एक काळी खूण सापडते. पलटणीतील धोबी कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बिब्ब्याच्या रसाने दोन रेघा किंवा ठिपके काढीत असे. कितीही धुतले तरी ते जात नसत. एकसारख्या शंभर सदऱ्यांतून हा सदरा कोणाचा, हे धोब्याला त्यावरूनच कळे. पुतळ्याला सदरा चढवून गळ्याचे बटण लावले, की ती खूण आत दडते.