थांबणे हाही उपचारच

"जे जे करता येईल ते सगळे करा, डॉक्टर. पैशांची काळजी करू नका." गावाकडे आई-वडील आजारी असताना दोह्यातून फोनवर हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी म्हटले असेल. त्यामागचे प्रेम खरे असते. पण करता येते ते सगळे करावेच का?

लाळग्रंथींचा कर्करोग पसरला की हा प्रश्न फार अवघड होतो. आजार दुर्मिळ, आणि त्याचे प्रकार वीसहून अधिक. त्यातला 'अ‍ॅडिनॉइड सिस्टिक' प्रकार चिवट, पण बहुधा संथ. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर कित्येक वर्षांनीही तो फुप्फुसांत दिसू शकतो. मग तो सहसा पूर्ण बरा होत नाही, नेहमीच्या केमोथेरपीलाही फारशी दाद देत नाही. तरीही काही रुग्ण फुप्फुसांत गाठी असताना वर्षानुवर्षे बाजारहाट करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. त्रास नसेल आणि गाठी हळू वाढत असतील, तर ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवणे हा शास्त्रमान्य मार्ग आहे.

सर्वांनाच 'थांबा' म्हणता येत नाही. 'सॅलिव्हरी डक्ट' प्रकार वेगाने पसरतो. तिथे वेळ दवडू नये. 'सिक्रीटरी' प्रकारात बहुधा एनटीआरके जनुकातील बदल सापडतो, आणि त्यावर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लॅरोट्रेक्टिनिब गुणकारी ठरते. म्हणून आधी नेमका प्रकार आणि जनुकीय तपासणी, मग निर्णय.

दूर असलेल्या मुलाला थांबणे म्हणजे हयगय वाटते. केमोचे सलाईन लागले की त्याला काहीतरी केल्याचे समाधान मिळते. उलट्या आणि थकवा मात्र बाबांच्या वाट्याला येतो. मग औषध नक्की कोणाच्या दुखण्यावर दिले? पुढचे दिवस कसे घालवायचे, हे आधी बाबांनाच विचारायला हवे. "त्यांना काही सांगू नका" म्हटले, की तो प्रश्न विचारताच येत नाही.

दोह्यात २००४ मध्ये कर्करोगाचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव होते 'अल अमल', म्हणजे आशा. आशा बरे होण्याची असते, तशीच वेदनेविना झोपेची आणि नातीच्या लग्नात पंगतीला बसण्याचीही असते. आपल्या माणसाची आशा कोणती, हे त्याच्याच तोंडून ऐकावे आणि त्याप्रमाणे उपचार ठरवावा.